कालचा खड्डा

गेंट्याल चौकातून आत, विडी कारखान्याच्या भिंतीला लागून
माझं दुकान आहे. तीन स्क्रीन, एक कूलर,
तासाला तीस रुपये.
पोरं दारातूनच विचारतात, ओपन वर्ल्ड आहे का बे?
मी म्हणतो, आहे.
म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं
तर एवढंच सांगितलं असतं मी,
की लांबचा डोंगर नुसता रंगवलेला नसतो,
दिसला तर जाता येतं.

मग मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
बाबा येऊन बसले.
अंबादास राजेशम येमूल,
छत्तीस वर्षं पॉवरलूमवर,
डावा कान मागानं खाल्लेला,
शेड दिवाळीपासून बंद.
"कूलर आहे म्हणून आलो," म्हणाले.
मी कंट्रोलर हातात दिला.

वेशीपाशी राजाचा दूत धावत आला.
संकट आहे, ताबडतोब निघा.
बाबांनी उजवा कान पुढं करून सगळं ऐकून घेतलं
आणि उलट्या दिशेनं चालायला लागले.
"मिशन तिकडं आहे, बाबा."
"थांबतंय का ते?"
"थांबतंय. कितीही दिवस."
"मग झालं की."

एका म्हातारीच्या मागं मागं गेले,
घर, विहीर, घर, विहीर.
"ही रोज एवढंच करती?"
"तिला तेवढंच लिहून दिलंय."
बाबा गप्प.
बोटं मात्र कंट्रोलरवर
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
धोटा गेल्यासारखी.

समुद्राच्या काठाला न दिसणारी भिंत लागली.
तिला टेकून पुढं, पुढं दाबत राहिले बराच वेळ.
"इथं संपतं होय," म्हणाले,
"बरंय. कळतं तरी."

विहिरीत पाणी कितव्या दिवशी येतं, हेही विचारलं.
रोज असतं म्हटल्यावर हसले.

मग फावडं सापडलं.
पोरं फावडं मिळालं की भुईकोटाएवढा किल्ला उठवतात.
बाबांनी कमरेइतकं खोदलं, बसायला एक पायरी ठेवली,
आत उतरले, आणि बसून राहिले.
माझ्या पोटात गोळा आला.
मला भलतंच वाटलं.
"खड्डामाग," ते म्हणाले. "माझ्या बाचा. साखर पेठेतला.
पाय खाली, फणी समोर.
सूत कुठं मिळतं इथं?"

मी सगळा नकाशा धुंडाळला.
लोखंड होतं, कातडं होतं, अकरा जातीच्या अळंब्या,
एका राक्षसाचा दात.
"सूत नाही, बाबा."
"मग कसलं मोकळं बे हे?"
तेवढ्यात लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पायरीवर हजर.
त्या जगात रात्री पाऊस होऊन गेला होता,
खड्ड्यात घोटाभर पाणी.
स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघत राहिले.
"कुणी बुजवला नाही," म्हणाले.
आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता,
"परवा शेडकडं जाऊन आलो.
मंगल कार्यालय होतंय तिथं. सपाट केलंय.
माझा माग कुठल्या खांबापाशी होता, सापडंना."

काल एक चुणचुणीत पोरगा आला, नववीतला,
ओपन वर्ल्ड वेगळं आणि सँडबॉक्स वेगळं का, दादा?
मी सुरुवात केली,
एकात कुठंही जाता येतं,
आणि दुसऱ्यात
आणि दोन नंबरच्या स्क्रीनकडं बघून विसरलो पुढचं.
ती फाइल मी कुणाला देत नाही.
वर नाव आहे, अंबादास.

बाबा उठताना मोजून तीस रुपये ठेवतात टेबलावर,
पोराचं दुकान म्हणून सूट घेत नाहीत.
सूत शोधायला कुठल्याशा टेकडीपलीकडं गेलेत सध्या.
दूत अजून वेशीपाशी उभा आहे,
जो जवळून जाईल त्याला
ताबडतोब म्हणतोय.